पाण्याची पंगत

खेड्यातील लग्नाची पंगत तुम्ही पाहिली असेल. मांडवात समोरासमोर दोन लांब रांगा बसतात, पाने मांडली जातात आणि वाढपी पहिल्या पानापासून वाढीत जातो. पातेल्यातील वरणभात पहिल्या पाहुण्याला जसा मिळतो तसाच तो शेवटच्या पाहुण्यालाही मिळाला पाहिजे, यातच वाढप्याचे कौशल्य असते. ओळखीच्या माणसाला अधिक आणि अनोळखी माणसाला कमी वाढले, तर त्याला पंक्तिप्रपंच म्हणतात व तो मोठा दोष मानला जातो. अन्न कमी पडण्याची चिन्हे दिसू लागली तर जाणता वाढपी हात आखडता घेतो; परंतु तो सर्वांच्याच बाबतीत घेतो. पहिल्याला पोटभर आणि शेवटच्याला रिकामे पान, असे तो कधीही होऊ देत नाही.

शेताला मिळणाऱ्या पाण्याचीही अशीच एक पंगत असते. धरण किंवा बंधारा हे तिचे पातेले, कालवा हा तिचा वाढपी आणि कालव्याच्या काठची शेते ही तिच्यातील पाने. या पंगतीत कोणाला किती वाढावे, कमी पडल्यास काय करावे आणि शेवटच्या पानाची काळजी कोणी वाहावी, हे प्रश्न आपल्या नाशिक जिल्ह्यातील शेतकऱ्यांपुढे शेकडो वर्षांपासून उभे आहेत. त्यांनी त्यांची जी उत्तरे शोधली, त्यांची ही हकिकत आहे.

नाशिक जिल्ह्याचा पाऊस मोठा लहरी आहे. पश्चिमेला सह्याद्रीच्या माथ्यावर वसलेल्या इगतपुरीला वर्षाकाठी 3000 मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तेथून पूर्वेस शंभर-सव्वाशे किलोमीटर गेले की येवला, नांदगाव, मालेगाव हे तालुके लागतात. तेथे पाऊस 500 मिलिमीटरांच्या आसपास येऊन ठेपतो. ढग तेच, वारा तोच. परंतु डोंगराने आपला वाटा आधीच घेतलेला असतो. म्हणून पूर्वेकडील शेतकऱ्याला पश्चिमेकडून वाहत येणाऱ्या नदीच्या पाण्यावर भिस्त ठेवावी लागते.

पूर्वी निदान पावसाचे वेळापत्रक तरी ठरलेले असे. मृगात पेरणी, हस्ताच्या पावसावर रब्बीची आशा, असा हिशेब शेतकरी नक्षत्रांवरून बांधीत. आता तो हिशेब वारंवार चुकू लागला आहे. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गारपिटीने जिल्ह्यातील द्राक्षबागा आणि कांद्याची शेते झोडपून काढली. 2015 आणि 2018 या वर्षी राज्याच्या मोठ्या भागात दुष्काळ पडला. 2019 मध्ये ऑक्टोबर संपला तरी पाऊस थांबेना; त्याने द्राक्षांच्या बागा कुजविल्या. प्रत्येक संकटाचे कारण एकच असते असे नव्हे. परंतु शास्त्रज्ञ सांगतात, की कोळसा व खनिज तेल यांच्या ज्वलनामुळे पृथ्वीचे सरासरी तापमान दीडशे वर्षांत एक अंशाहून अधिक वाढले आहे, आणि हवा एका अंशाने तापली की ती सुमारे 7 टक्के अधिक बाष्प धरून ठेवू शकते. त्यामुळे पाऊस पडतो तेव्हा धो धो पडतो आणि दोन पावसांमधील उघडीप लांबत जाते.

अशा वेळी शेतकऱ्याने काय करावे? ज्याच्याजवळ पैसा आहे तो विहीर खोल करतो, कूपनलिका घेतो, शेततळे खणून त्यात प्लॅस्टिकचे अस्तर घालतो, ठिबक सिंचन बसवितो. हे उपाय चांगलेच आहेत. परंतु ज्याच्याजवळ दोनच एकर जमीन आहे त्याने काय करावे? शिवाय जमिनीखालचे पाणी कोणाच्या बांधावर अडत नाही. एकाने शंभर फूट खोल कूपनलिका घेतली की शेजाऱ्याची चाळीस फुटांची विहीर आटते. मग शेजारी कर्ज काढून दोनशे फूट जातो. या चढाओढीत पाणी वाढत नाही. केवळ खोली वाढते आणि कर्ज वाढते. याचाच अर्थ असा, की बदलत्या हवामानाशी जुळवून घेणे हे एकट्यादुकट्याचे काम नाही. ते वाटपाचेही काम आहे.

हे वाटपाचे काम आपल्या पूर्वजांनी किती विचारपूर्वक केले होते, हे पाहण्यासाठी बागलाणात जावे लागेल. नाशिक जिल्ह्यातील मोसम व आरम या नद्यांवर आणि शेजारच्या धुळे जिल्ह्यातील पांझरा नदीवर सुमारे तीनशे ते चारशे वर्षांपूर्वीपासून दगडी बंधारे बांधले गेले. हे बंधारे उंच नव्हते. नदीचे पाणी थोडेसे अडवून ते काठाच्या कालव्यात वळवावे, एवढेच त्यांचे काम. या पाण्यावर जी शेती होई तिला ‘फड पद्धत’ असे नाव आहे.

कालव्याखाली येणाऱ्या सर्व जमिनीला ‘थळ’ म्हणत. या थळाचे बहुधा चार मोठे भाग पाडीत. त्यांतील प्रत्येक भाग म्हणजे एक फड. एका फडात अनेक शेतकऱ्यांची शेते असत; पण त्या संपूर्ण फडात त्या वर्षी एकच पीक किंवा एकाच प्रकारची पिके घ्यावयाची, असा दंडक होता. समजा, यंदा पहिल्या फडात ऊस आहे, दुसऱ्यात गहू, तिसऱ्यात बाजरी व हरभरा. तर पुढील वर्षी ही पिके फडांमधून फिरत. त्यामुळे जमिनीचा कस टिकून राही. शिवाय शेजारीशेजारी सारखेच पीक असल्यामुळे पाणी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग देता येई आणि वाटेत वाया जाणारे पाणी वाचे.

पुष्कळ शेतकऱ्यांची थोडी थोडी जमीन निरनिराळ्या फडांत विखुरलेली असे. प्रथम हे गैरसोयीचे वाटेल. एकाच ठिकाणी सलग शेत असणे सोयीचे नव्हे काय? परंतु या विखुरण्यातच फड पद्धतीचे मर्म होते. ज्या वर्षी नदीला पाणी कमी असे, त्या वर्षी गावचे पंच एकत्र बसत आणि या खेपेस चारांऐवजी दोनच फड भिजवावयाचे, असे ठरवीत. प्रत्येकाची काही जमीन भिजणाऱ्या फडात आणि काही कोरड्या फडात असली म्हणजे तूट सर्वांनाच थोडी थोडी सोसावी लागे. कोणाचे सारे पीक हाती लागले आणि कोणाचे सारेच बुडाले, असे सहसा होत नसे. दुष्काळाचे ओझे अनेक खांद्यांवर वाटले गेल्यामुळे ते पेलवत असे.

या व्यवस्थेतील एक नियम तर फारच लक्षात ठेवण्यासारखा आहे. शेतकऱ्याने स्वतःच्या हाताने आपल्या शेताला पाणी घ्यावयाचे नाही! पाणी देण्यासाठी ‘पाटकरी’ नेमलेला असे. कोणत्या चारीला केव्हा आणि किती वेळ पाणी सोडावयाचे ते तोच पाही. उभ्या पिकांची राखण करण्यासाठी ‘जागल्या’ असे. या सेवकांचा मोबदला सर्व शेतकरी धान्याच्या रूपाने देत. पाटकऱ्याला कोणा एकाकडून पगार मिळत नसल्यामुळे कोणा एकाचे मिंधे होण्याचे त्याला कारण नव्हते. पावसाळ्यानंतर कालव्यातील गाळ काढणे व फुटलेले काठ सांधणे हे काम सर्वजण मिळून करीत. ज्याला पाण्यात वाटा, त्याला श्रमातही वाटा, असा सरळ हिशेब होता.

तथापि, जुने ते सर्वच निर्दोष होते, असे समजू नये. फडातील पाणी जमिनीच्या मालकाला मिळे. ज्याच्याजवळ जमीनच नव्हती, त्या शेतमजुराला या पंगतीत पान नव्हते. थळाच्या बाहेर, उंचावर ज्यांची शेते होती, त्यांनाही ते नव्हते. पुढे नद्यांच्या वरच्या अंगाला मोठी धरणे झाली. मोसमवर हरणबारी आणि आरमवर केळझर ही त्यांपैकी होत. विहिरींवर विजेचे पंप बसले आणि जो तो आपापल्या सोयीने पिके घेऊ लागला. फडांची शिस्त पुष्कळ ठिकाणी ढिली झाली.

जमीन नसलेल्या माणसाचे काय, हा फड पद्धतीने अनुत्तरित ठेवलेला प्रश्न पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यात एका अभियंत्याने हाती घेतला. त्यांचे नाव विलासराव साळुंखे. 1972 च्या भीषण दुष्काळात खडी फोडण्याच्या कामावर आलेली हजारो माणसे त्यांनी पाहिली. हे लोक आळशी नाहीत. यांना फक्त पाण्याची शाश्वती नाही, हे त्यांच्या ध्यानी आले. नायगाव येथे देवस्थानची सुमारे 16 हेक्टर माळजमीन खंडाने घेऊन त्यांनी पाणी अडविण्याचा आणि मुरविण्याचा प्रयोग केला. त्यातून ‘पाणी पंचायत’ उभी राहिली. तिचे नियम थोडे, पण नेमके होते. पाणी जमिनीच्या प्रमाणात नव्हे, तर कुटुंबातील माणसांच्या प्रमाणात द्यावयाचे. दर माणशी अर्धा एकर आणि एका कुटुंबाला फार तर अडीच एकर भिजेल एवढेच पाणी. उसासारखे अधिक पाणी पिणारे पीक घ्यावयाचे नाही. खर्चाचा काही वाटा प्रत्येकाने उचलावयाचा. आणि भूमिहीनालाही पाण्यावर हक्क राहील. पानाचा आकार पाहून नव्हे, तर पानावर बसलेल्या माणसाची भूक पाहून वाढावे, हाच त्याचा अर्थ नव्हे काय?

आता पुन्हा नाशिककडे वळू. मोठी धरणे झाल्यावर पाणी पुष्कळ आले; परंतु पंगत फार लांब झाली. दिंडोरी तालुक्यातील वाघाड धरणाच्या कालव्याच्या अगदी शेवटी ओझर गावाची शेते येतात. कालव्याचे पाणी मैलोगणती वाहत जाते. वाटेत काही जमिनीत मुरते, काही उन्हाने आटते आणि वरच्या अंगाचे शेतकरी गरजेहून अधिक घेतात. मग शेवटच्या शेतापर्यंत उरते काय? कागदोपत्री ही जमीन ओलिताखाली होती; प्रत्यक्षात तिच्या वाट्याला कोरडी चारी येई. वरच्या शेतकऱ्यांचेही यात कल्याण नसते, हे विसरू नका. नको तितके पाणी दिलेली जमीन पाणथळ व खारवट होते. अति खाणाऱ्याला अजीर्ण आणि शेवटच्याला उपास, असा हा पंक्तिप्रपंच असतो.

ओझरच्या शेतकऱ्यांना बापूसाहेब उपाध्ये व भरत कावळे या समाज परिवर्तन केंद्राच्या कार्यकर्त्यांनी एकत्र आणले. पाणी येत नाही म्हणून नुसती तक्रार करीत बसण्यापेक्षा पाण्याचा कारभारच आपण अंगावर घेऊ, असा विचार पुढे आला. 1990 च्या सुमारास तेथे पाणीवापर संस्था स्थापन झाल्या. बाणगंगा, महात्मा फुले आणि जय योगेश्वर ही त्यांची नावे. या संस्थांनी शासनाकडून पाणी मोजून घ्यावयाचे, सभासदांना ते ठरल्याप्रमाणे वाटावयाचे आणि पाणीपट्टी गोळा करून शासनाकडे भरावयाची, अशी व्यवस्था झाली.

पाणी मोजून मिळू लागताच एक मोठा पालट झाला. पूर्वी एकराप्रमाणे आकार असल्यामुळे पाणी कमी वापरले काय आणि जास्त वापरले काय, पैसे सारखेच पडत. आता वाचविलेले पाणी आपलेच, हे सर्वांना कळले. ओढ्यांवर छोटे बंधारे घालून कालव्याचे पाणी जमिनीत मुरविण्यात आले. आसपासच्या विहिरींना त्याचा पाझर पोचला. मग विहिरीचे पाणी ठिबकने देऊन द्राक्षे व भाजीपाला पिकू लागला. ओझरचे पाहून वरच्या गावांनीही संस्था काढल्या. अशा 24 संस्था मिळून पुढे संपूर्ण वाघाड प्रकल्पाचा पाणीकारभार शेतकऱ्यांनीच हाती घेतला.

2005 साली महाराष्ट्र शासनाने शेतकऱ्यांकडून सिंचनाचे व्यवस्थापन व्हावे, यासाठी स्वतंत्र कायदाच केला. त्या कायद्याप्रमाणे पाणीवापर संस्थेच्या संचालक मंडळात कालव्याच्या वरच्या, मधल्या आणि शेवटच्या अशा तिन्ही भागांतील शेतकऱ्यांना प्रतिनिधित्व द्यावे लागते आणि स्त्रियांसाठीही जागा ठेवाव्या लागतात. शेवटच्या पानावर बसणाऱ्याला वाढप्यांच्या बैठकीत बोलण्याचा हक्क मिळाला, असे याचे थोडक्यात वर्णन करता येईल.

येथवर आपण नाशिकच्या शेतकऱ्याला शेवटच्या पानावर बसलेला पाहिले. परंतु पंगत येथे संपत नाही. गोदावरी त्र्यंबकेश्वरजवळ ब्रह्मगिरीवर उगम पावते आणि नाशिक जिल्हा ओलांडून पुढे पैठणजवळ जायकवाडीच्या नाथसागराला मिळते. मराठवाड्याच्या दृष्टीने पाहिले तर सबंध नाशिक जिल्हाच पंगतीच्या पहिल्या पानावर बसला आहे! पाऊस कमी झाला की वरची धरणे भरतात आणि जायकवाडी मात्र रिकामे राहते. म्हणून 2014 मध्ये राज्याच्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने असा निर्णय दिला, की 15 ऑक्टोबरला जायकवाडीचा उपयुक्त साठा 65 टक्क्यांहून कमी असेल, तर वरच्या धरणांतून खाली पाणी सोडावे. त्यावरून दोन्ही बाजूंनी वाद झाले, लोक न्यायालयातही गेले. नाशिकचा शेतकरी म्हणतो, माझी बाग वाळेल आणि सोडलेले पाणी नदीच्या कोरड्या पात्रातच जिरेल. मराठवाड्याचा शेतकरी म्हणतो, नदी माझीही आहे आणि माझ्या गुरांना प्यायला पाणी नाही. दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. म्हणूनच असे नियम शांतपणे, मोजमाप करून आणि दुष्काळ पडण्यापूर्वी ठरवावे लागतात. घसा कोरडा पडल्यावर न्यायाने वाटणे फार कठीण जाते. फडाच्या पंचांना हे ठाऊक होते.

याहूनही मोठी अशी साऱ्या जगाची पंगत आहे. हवा तापविणारा धूर अधिक प्रमाणात सोडला तो श्रीमंत देशांनी. त्याचे चटके मात्र ज्यांच्या घरी कधी मोटार आली नाही, अशा कोरडवाहू शेतकऱ्यांना अधिक बसतात. तेथेही प्रश्न तोच आहे: ओझे कोणी किती उचलावे? त्याचे उत्तर अजून जगाला पुरतेपणी सापडलेले नाही.

मुलांनो, तुमच्यापैकी काहीजण उद्या शेतकरी व्हाल, काही अभियंते व्हाल, काही गावचे कारभारी व्हाल. पाऊस कसा पडावा, हे तुमच्या हाती नसेल. परंतु पडलेला पाऊस कसा वाटावा, हे मात्र तुमच्याच हाती असेल. त्या वेळी कालव्याच्या दारावरच न थांबता चारीच्या काठाने चालत शेवटच्या शेतापर्यंत जा. तेथील माती ओली असेल, तर वाटप नीट झाले, असे खुशाल समजा.

शब्दार्थ

पंक्तिप्रपंच – एकाच पंगतीतील माणसांना कमीजास्त वाढणे, पक्षपात.
भिस्त – भरवसा.
थळ – कालव्याच्या पाण्याखाली येणारी जमीन.
चारी – शेताला पाणी नेणारा लहान पाट.
मिंधा – उपकाराने दबलेला.
खंडाने – ठरावीक मोबदला देऊन कसण्यासाठी.
अनुत्तरित – उत्तर न मिळालेला.
ओलीत – पाटाच्या किंवा विहिरीच्या पाण्यावर होणारी शेती.

अभ्यास

1. फड पद्धतीत शेतकऱ्यांची जमीन निरनिराळ्या फडांत असण्याचा दुष्काळाच्या वर्षी कोणता उपयोग होत असे?
2. पाटकऱ्याला सर्वांनी मिळून मोबदला देण्यात कोणता हेतू साधला जाई?
3. फड पद्धतीतील कोणती उणीव पाणी पंचायतीने दूर करण्याचा प्रयत्न केला?
4. पाणी मोजून मिळू लागल्यावर ओझर येथे कोणता पालट झाला? तो का झाला?
5. ‘सबंध नाशिक जिल्हाच पंगतीच्या पहिल्या पानावर बसला आहे,’ असे लेखक का म्हणतात? तुमचे मत आठ-दहा ओळींत लिहा.
6. पुढील वाक्प्रचारांचा वाक्यांत उपयोग करा: हात आखडता घेणे, अंगावर घेणे, चटके बसणे.
7. तुमच्या गावात किंवा पेठेत पाणी कसे वाटले जाते याची वडीलधाऱ्यांकडून माहिती मिळवा. शेवटच्या घरापर्यंत पाणी किती व केव्हा पोचते, ते वहीत नोंदवा.